व्हिएन्नाचा बहर : ऱ्हासातून आलेला की ऱ्हासाने संपवलेला?

शिलाहार

एका शहराच्या सांस्कृतिक इतिहासातला १८९७ सालच्या एप्रिलइतका गच्च भरलेला महिना माझ्या वाचनात दुसरा आलेला नाही. ३ एप्रिलला ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याची राजधानी असलेल्या व्हिएन्नात संगीतकार ब्राम्स वारला आणि त्याच दिवशी गुस्ताव्ह क्लिम्टच्या अध्यक्षतेखाली बंडखोर चित्रकारांची ‘सेसेशन’ ही संघटना स्थापन झाली. दोन दिवसांनी पंतप्रधान बाडेनी याने बोहेमियातील सरकारी कचेऱ्यांत जर्मनच्या बरोबरीने चेक भाषाही आवश्यक करणारा आदेश काढला, आणि त्यावरून पुढे संसदेत अशी हाणामारी माजली की सभागृहात पोलीस बोलवावे लागले. ज्यूविरोधाच्या जोरावर निवडून येणाऱ्या कार्ल ल्युगरची महापौर म्हणून निवड सम्राट फ्रान्झ योझेफ १८९५ पासून वारंवार फेटाळत आला होता. याच महिन्यात त्याने ती मान्य केली. आणि याच महिन्यात जन्माने ज्यू असलेल्या संगीतकार गुस्ताव्ह मालरची दरबारी ऑपेरात नेमणूक झाली, जिच्यासाठी त्याने फेब्रुवारीत कॅथलिक पंथ स्वीकारला होता.

माझे मत असे आहे की व्हिएन्नात या सुमारास कलेला आणि विचारांना आलेला बहर हे तिथल्या राजकीय ऱ्हासाचेच अपत्य होते. १८६० च्या दशकात सत्तेवर आलेल्या उदारमतवादी मध्यमवर्गाने कोट पाडलेल्या जागी रिंगस्ट्रासे हा भव्य रस्ता वसवला आणि त्याच्या दुतर्फा संसद, विद्यापीठ, ऑपेरा, नगरभवन अशी आपल्या श्रद्धांची जणू मंदिरेच उभारली. पुढच्या पिढीच्या वाट्याला मात्र त्या संसदेत गोंधळ आणि नगरभवनात ल्युगर आला, तेव्हा तिने सार्वजनिक जीवनाकडे पाठ फिरवून मनाचा तळ धुंडाळायला घेतला. फ्रॉइडचे स्वप्नांवरील पुस्तक, क्लिम्टची चित्रे आणि शोनबर्गचे संगीत ही सर्व त्या माघारीची फळे होत, असे मला वाटते. सदस्यांना हे पटते का? आणि पटत नसेल, तर या बहराचा शेवट नेमका कोणत्या वर्षी मानावा?

वाकडेनाक

धागा शतकी होणार असे दिसते आहे, त्यामुळे कॉफी मागवून कोपऱ्यातले टेबल धरले आहे. व्हिएन्नाच्या रीतीप्रमाणे एका कपावर संध्याकाळपर्यंत बसायचा विचार आहे.

मुळामुठा

शिलाहार यांची मांडणी देखणी आहे, पण त्यातले ‘माघार’ हे सूत्र जेवढे सांगते त्याहून अधिक लपवते. आडोल्फ लोसने १९०९ ते १९११ या काळात मिखाएलप्लाट्झवर, सम्राटाच्या राजवाड्यासमोर, नक्षीकामाचा लवलेश नसलेली इमारत बांधली, तेव्हा तो कुठल्याही अंतर्मनात शिरलेला नव्हता. तो भर चौकात भांडत होता. नगरपालिकेने काम थांबवले आणि अखेर खिडक्यांना फुलांच्या कुंड्या लावण्याच्या तडजोडीवर प्रकरण मिटले. कार्ल क्राउसने १८९९ मध्ये ‘डी फाकेल’ हे नियतकालिक काढले आणि १९३६ पर्यंत, त्यातली अखेरची पंचवीस वर्षे जवळपास एकट्याने लिहून, शहरातल्या वृत्तपत्रांची आणि ढोंगाची चिरफाड केली. वास्तुकार ओटो वाग्नर तर शहराची रेल्वे बांधत होता. हे लोक सार्वजनिक जीवनातून निघून गेले, असे म्हणणे कठीण आहे.

खुद्द क्लिम्टचे प्रकरणही पाहा. विद्यापीठाच्या सभागृहासाठी त्याने केलेले ‘तत्त्वज्ञान’ हे चित्र १९०० मध्ये प्रदर्शित झाले, तेव्हा ८७ प्राध्यापकांनी त्याविरुद्ध निवेदन काढले. ‘वैद्यक’ आणि ‘न्याय’ या चित्रांवरून वाद आणखी वाढला आणि १९०५ मध्ये क्लिम्टने सरकारचे पैसे परत करून चित्रे आपल्याकडे घेतली. इथे नीट पाहण्याची गोष्ट ही की चित्रांचे काम शिक्षण मंत्रालयाने दिलेले होते. भाषिक भांडणांनी हैराण झालेल्या सरकारला कला हे सर्व राष्ट्रकांना एकत्र आणणारे क्षेत्र वाटत होते आणि म्हणून नव्या कलेला त्याने जाणूनबुजून आधार दिला. म्हणजे ऱ्हासाचा कलेशी संबंध आहे खरा, पण तो खजिन्याच्या वाटेने आलेला आहे.

ताळेबंद

खजिन्याचा विषय निघालाच आहे तर खासगी तिजोरीकडेही पाहू या. १८९८ मध्ये उभ्या राहिलेल्या सेसेशनच्या इमारतीसाठी मोठी मदत पोलादसम्राट कार्ल विट्गेनस्टाइनने केली होती, म्हणजे तत्त्वज्ञ लुडविगच्या वडिलांनी. १९०३ मध्ये निघालेल्या ‘व्हिनर वेर्कश्टेट’ या कलावस्तूंच्या कार्यशाळेला कापड उद्योगातले भांडवल मिळाले आणि ती १९३२ मध्ये बुडेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या पैशावरच चालली. मे १८७३ मध्ये, जागतिक प्रदर्शन भरलेले असतानाच, व्हिएन्नाचा शेअर बाजार कोसळला होता आणि उदारमतवादी राजकारणाची पत त्यात गेली. मात्र कारखाने राहिले आणि त्यांचे नफे पुढच्या पिढीच्या हाती आले. बोहेमिया-मोराव्हियातला कोळसा, कापड आणि साखर, गॅलिशियातले तेल आणि हंगेरीतले धान्य यांचा हिशेब व्हिएन्नातल्या बँकांत होत असे. सुमारे सव्वापाच कोटींच्या साम्राज्याचा नफा एका शहरात जमा होत असताना तिथे चित्रकार उपाशी राहिले असते, तरच नवल होते.

म्हणून शेवटाचे वर्ष विचाराल तर माझे उत्तर १९१८ आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या सेंट-जर्मेनच्या तहाने जे ऑस्ट्रिया उरले त्याची लोकसंख्या ६५ लाखांच्या आसपास होती आणि त्यातले जवळपास एक तृतीयांश लोक एकट्या व्हिएन्नात राहत होते. कोळसा चेकोस्लोव्हाकियात गेला, धान्य हंगेरीत राहिले आणि बँकांकडे मात्र पूर्वीच्याच आकाराच्या इमारती उरल्या. त्यातली सर्वात मोठी बँक, क्रेडिटआन्स्टाल्ट, मे १९३१ मध्ये कोसळली आणि अर्ध्या युरोपाला घेऊन बुडाली. योगायोग असा की क्लिम्ट, चित्रकार एगोन शीले, ओटो वाग्नर आणि सेसेशनचा कलावंत कोलोमान मोझर हे चौघेही १९१८ मध्येच वारले. शीले तर साथीच्या तापाने, अवघ्या २८ व्या वर्षी.

अबोली

चर्चेत आतापर्यंत एकाही स्त्रीचे नाव आलेले नाही, त्यामुळे शिलाहार यांच्या १८९७ मध्ये एक भर घालते. त्याच वर्षी व्हिएन्ना विद्यापीठाची तत्त्वज्ञान शाखा स्त्रियांसाठी खुली झाली; वैद्यक १९०० मध्ये आणि कायदा थेट १९१९ मध्ये. लीझ माइटनरने १९०६ मध्ये इथेच भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. ऑयगेनी श्वार्झवाल्डने मुलींसाठी चालवलेल्या शाळेत शोनबर्ग, लोस आणि चित्रकार कोकोश्का यांनी शिकवले आहे, आणि बेर्टा झुकरकांडलच्या दिवाणखान्यात सेसेशनच्या कलावंतांची नित्य ऊठबस असे. ज्या घरांतून हा बहर आला ती घरे बऱ्याच प्रमाणात स्त्रिया चालवत होत्या, हे ‘प्रतिभावंतांच्या नगरी’च्या गोष्टीतून हमखास गळते.

या व्यक्तींपैकी कितीजण ज्यू कुटुंबांतून आले होते, तेही मोजून पाहावे. १८६७ च्या राज्यघटनेने ज्यूंना समान नागरी हक्क दिले आणि १९१० पर्यंत शहरातली त्यांची संख्या पावणेदोन लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्या ८-९ टक्क्यांवर गेली. अधिकारीपद आणि प्राध्यापकपद मिळवण्यात अडथळे होते, पण वृत्तपत्र, वकिली, वैद्यक आणि कला ही क्षेत्रे मोकळी होती. त्यामुळे शिलाहार ज्याला माघार म्हणतात ती मला उलट दिशेची हालचाल दिसते. हे लोक बाहेर पडत नव्हते, पहिल्यांदाच आत येत होते.

वाकडेनाक

१९१३ मध्ये हिटलर, स्टालिन, ट्रॉट्स्की, टिटो आणि फ्रॉइड एकाच वेळी व्हिएन्नात होते आणि बहुधा एकाच कॅफेत बसत होते, हा संदेश अजून कोणी इथे डकवला कसा नाही?

मुळामुठा

वाकडेनाक, तो संदेश आमच्या कौटुंबिक गटावर दिवाळीच्या शुभेच्छांइतक्याच नियमाने येतो. स्टालिन हिवाळ्यात काही आठवडे होता, हिटलर मे महिन्यात म्युनिकला गेला आणि टिटो शहराबाहेरच्या मोटार कारखान्यात कामाला होता. एका टेबलाशी बसल्याचा कोणताही पुरावा नाही. हिटलरच्या बाबतीत महत्त्वाचे आहे ते वेगळेच : कला अकादमीने १९०७ आणि १९०८ मध्ये त्याला नाकारले, पुरुषांच्या वसतिगृहात तो राहिला आणि ल्युगर जमाव कसा हाताळतो हे त्याने तिथे पाहिले.

षड्ज

संगीताच्या बाजूने थोडे लिहितो. मालरने दहा वर्षांत ऑपेराची शिस्तच बदलली. उशिरा येणाऱ्यांना मध्येच आत सोडणे बंद केले, भाड्याने टाळ्या वाजवणाऱ्या टोळ्यांना चाप लावला आणि १९०३ मध्ये चित्रकार आल्फ्रेड रोलरला घेऊन नेपथ्य व प्रकाश यांना संगीताच्या बरोबरीचे स्थान दिले. १९०७ मध्ये तो न्यू यॉर्कला गेला, त्यामागे दरबारातली कुरबुर होती तशीच ज्यूविरोधी वृत्तपत्रांची अखंड टीकाही होती. म्हणजे ज्या काळाला आपण बहर म्हणतो त्याच्या ऐन मध्यात त्याचा सर्वात मोठा वाहक शहर सोडून गेला.

आणि श्रोत्यांबद्दल फार भाबडेपणा नको. ३१ मार्च १९१३ रोजी म्युझिकफेराइनच्या सभागृहात शोनबर्गने आपल्या शिष्यांच्या रचना सादर केल्या, तेव्हा आल्बान बेर्गची गीते सुरू असताना अशी मारामारी झाली की कार्यक्रम अर्ध्यावर सोडावा लागला. नंतर खटला उभा राहिला तेव्हा साक्षीला आलेल्या एका ऑपेरेटा-रचनाकाराने, थपडेचा आवाज हाच त्या संध्याकाळचा सर्वात सुरेल आवाज होता, असे सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. व्हिएन्नाचे लोक संगीतावर प्रेम करत ते असे. निदान उदासीन तरी नव्हते.

जुनावैद्य

षड्ज यांचा मुद्दा वैद्यकालाही लागू पडतो. ज्या शहराचा आपण गौरव करत आहोत त्याच शहराच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ मध्ये सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती करून प्रसूतिकक्षातले मृत्यू झपाट्याने खाली आणले, आणि त्याच शहरात कंटाळून त्याला बुडापेस्टला परतावे लागले. फ्रॉइडच्या स्वप्नांवरील पुस्तकाची ६०० प्रतींची पहिली आवृत्ती खपायला आठ वर्षे लागली. तरीही रोकिटान्स्की, श्कोडा, बिलरोट या परंपरेमुळे तिथल्या वैद्यकाचा जगभर दबदबा होता आणि तो १९१८ नंतरही टिकला. विठ्ठलभाई पटेल १९३३ मध्ये उपचारांसाठी व्हिएन्नात होते, आणि सुभाषबाबूंवर १९३५ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया तिथेच झाली.

मात्र ताळेबंद यांच्या १९१८ ला एक दुजोराही देतो. रक्तगटांचा शोध लावणारा कार्ल लांडस्टाइनर १९०१ मध्ये व्हिएन्नात काम करत होता. युद्धानंतरच्या हलाखीत तिथे संशोधन अशक्य झाले, तेव्हा १९१९ मध्ये तो हेगला आणि पुढे न्यू यॉर्कला गेला. १९३० चे नोबेल त्याला मिळाले तेव्हा तो तिथलाच होता. तेव्हा त्याला कोणी हाकलले नव्हते. प्रयोगशाळेत कोळसाच नव्हता.

परदेशस्थ पेठकर

व्हिएन्नात नोकरीनिमित्त राहतो, म्हणून १९१८ हे वर्ष मान्य करायला मला जड जाते. ज्या बहराबद्दल आपण बोलतो तो कोणासाठी होता? रिंगस्ट्रासेच्या पलीकडच्या ओटाक्रिंग, फावोरिटेन या कामगार वस्त्यांत एकेका खोलीत दाटीवाटीने कुटुंबे राहत होती, आणि भाडे परवडावे म्हणून दिवसा रिकामी असलेली खाट रात्रपाळीच्या अनोळखी कामगाराला झोपायला दिली जात असे. क्षयाला ‘व्हिएन्नाचा रोग’ म्हणत ते याच घरांमुळे. कॅफेत तासन्‌तास बसणाऱ्या साहित्यिकांच्या सुंदर कथा आपण सांगतो, पण घरात शेगडी पेटवण्यापेक्षा कॅफेत बसणे स्वस्त पडते, हेही त्या बैठकांमागचे एक कारण होते.

याला उत्तर मिळाले ते १९१९ नंतर. सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या हाती नगरपालिका आली, १९२२ पासून व्हिएन्ना स्वतंत्र प्रांत झाल्याने कर बसवण्याचा अधिकार मिळाला, आणि वित्तविभाग सांभाळणाऱ्या ह्यूगो ब्राइटनरने १९२३ मध्ये घरांवर असा चढता कर लावला की सगळ्यात मोठा भार बंगले आणि आलिशान सदनिकांवर पडला. त्या पैशातून १९३४ पर्यंत ६०,००० हून अधिक घरे बांधली गेली. कार्ल-मार्क्स-होफ ही १९३० मध्ये पूर्ण झालेली वसाहत एक किलोमीटरपेक्षा लांब आहे; तीत १,३८२ घरे, धुलाईघरे, बालवाड्या, ग्रंथालय आणि दवाखाना होता. शरीरशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या युलियुस टांडलरने आरोग्यविभागातून शहरात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला कपड्यांचा संच देण्याची प्रथा सुरू केली. कामगारांसाठीच्या सिंफनी मैफली तर १९०५ पासून चालू होत्या आणि १९२० च्या दशकात तिथे संचालन करत होता अंतोन वेबर्न, शोनबर्गचा शिष्य. १९१३ च्या मैफलीत ज्याच्या रचनेवर रिंगस्ट्रासेवरचा वर्ग हसला होता, त्याचे संचालन आता कामगार ऐकत होते. याला ऱ्हास कसे म्हणावे?

ताळेबंद

पेठकर, घरांबद्दलचा आदर मान्य आहे, पण त्यासाठी लागणारा करदाता जुन्या साम्राज्याने तयार केलेला होता. तो संपत आला तशी योजनाही आक्रसत गेली. शिल्लक खर्च करणे आणि कमावणे यात फरक आहे.

मुळामुठा

ताळेबंद, ती योजना आक्रसली त्यात १९२९ नंतरची मंदी होती, तसेच केंद्र सरकारने व्हिएन्नाचा महसुलातला वाटा कमी करत नेला हेही होते. आणि ती संपली ती तोफांनी. फेब्रुवारी १९३४ मध्ये चॅन्सेलर डॉलफुसच्या केंद्र सरकारने कार्ल-मार्क्स-होफवर तोफगोळे डागले, पक्षावर बंदी घातली आणि नगरपालिका बरखास्त केली.

त्याच काळात मोरिट्स श्लिकभोवती जमलेले तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ, ज्यांना आपण व्हिएन्ना वर्तुळ म्हणतो, पूर्ण भरात होते. ओटो नॉयराटने १९२५ मध्ये समाज आणि अर्थव्यवहार यांचे संग्रहालय काढून आकडेवारी चित्रचिन्हांनी सांगण्याची पद्धत रुजवली. आज विमानतळावर दिसणाऱ्या चिन्हांची वंशावळ तिथवर नेता येते. याच वर्तुळातल्या कुर्ट गोडेलने तर्कशास्त्रातली अपूर्णतेची प्रमेये १९३१ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे क्रेडिटआन्स्टाल्ट बुडाली त्याच वर्षी. बँक बुडाल्याने तर्कशास्त्र बुडाले नाही. ते बुडाले २२ जून १९३६ रोजी, जेव्हा विद्यापीठाच्या जिन्यावर श्लिकला त्याच्याच एका माजी विद्यार्थ्याने गोळ्या घातल्या. मारेकऱ्याचा हेतू वैयक्तिक होता, पण काही वृत्तपत्रांनी श्लिकला ज्यू विचारांचा पुरस्कर्ता ठरवून खुनाचे जवळपास समर्थन केले. श्लिक ज्यू नव्हता. दहा वर्षांची शिक्षा झालेला तो मारेकरी १९३८ मध्ये सुटला.

गिरगावकर

१९३८ आले म्हणून लिहितो. मार्चमध्ये जर्मन सैन्य आत आले आणि हेल्डनप्लाट्झवर प्रचंड जमावाने हिटलरचे स्वागत केले. सुमारे १,३०,००० जणांनी देश सोडला, जूनमध्ये फ्रॉइडही लंडनला गेला, आणि सुमारे ६५,००० ऑस्ट्रियन ज्यूंची हत्या झाली. गेलेल्यांपैकी काही थेट आपल्या मुंबईत आले. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कलासंचालक झाला, आणि औषधनिर्मितीच्या व्यवसायात उतरलेल्या इमॅन्युएल श्लेसिंगरने तरुण भारतीय चित्रकारांची चित्रे विकत घ्यायला सुरुवात केली. बर्लिनहून आलेला समीक्षक रूडी फॉन लायडन हा तिसरा. रझा, आरा, हुसेन, सूझा यांच्यासारख्यांना या तिघांच्या घरी युरोपातली चित्रे पुस्तकांतून पाहायला मिळत आणि स्वतःच्या चित्रांवर कडक, पण आपुलकीची टीका ऐकायला मिळे. या चित्रकारांच्या १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटामागे व्हिएन्ना आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

अबोली

वावगे नाही, पण जास्त होईल. सूझाला ‘चले जाव’ आंदोलनातल्या सहभागावरून जे. जे. स्कूलमधून काढले होते, गाडे आणि रझा नागपूरकडून आले होते, आरा घरकाम करत चित्रे काढत होता. या मंडळींची भूक स्वतःची होती. व्हिएन्नाकडून त्यांना मिळाले ते आधी उल्लेखलेल्या दिवाणखान्यांचेच मुंबईतले रूप : जाणकार श्रोता, विकत घेणारा हात आणि रविवारी उघडे असलेले दार. माझ्या मते बहराची खरी यंत्रणा हीच होती, आणि ती माणसांबरोबर हलवता येते, इमारतींबरोबर नाही.

षड्ज

अबोली यांच्याशी पूर्ण सहमत. १९४५ मध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झालेला ऑपेरा ५ नोव्हेंबर १९५५ रोजी ‘फिडेलिओ’ने पुन्हा सुरू झाला, दगड जसेच्या तसे बसले. पण परागंदा झालेल्यांना परत बोलावण्याचा प्रयत्न शहराचा सांस्कृतिक नगरसेवक व्हिक्टर माटेइका याच्यासारख्या मोजक्यांनीच केला. शोनबर्गला १९४९ मध्ये मानद नागरिकत्व देण्यात आले. तो १९५१ मध्ये लॉस एंजेलिसला वारला. आणि १८९७ बद्दल इतके लिहिले गेलेच आहे तर, व्हिएन्ना फिलहार्मोनिकने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा निर्णय घेतला तो १९९७ मध्ये.

वाकडेनाक

विद्यापीठ ते वाद्यवृंद हे अंतर व्हिएन्नात बरोबर शंभर वर्षांचे आहे तर. ट्रामने दहा मिनिटे लागत असावीत.

शिलाहार

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. क्लिम्ट आणि फ्रॉइड यांच्यापुरते माझे सूत्र मी सोडणार नाही. फ्रॉइडने स्वतःच्या ज्या स्वप्नांचा अर्थ लावला, त्यांत अडलेल्या बढतीची आणि मंत्र्यांची स्वप्ने आहेत, हे विसरता येत नाही. मात्र लोस, वाग्नर आणि त्यानंतरचे नगरपालिकेचे वास्तुकार यांना ते लागू होत नाही, आणि राजकीय ऱ्हास व सांस्कृतिक ऱ्हास यांची घड्याळे वेगळी चालतात, हे या चर्चेतून स्पष्ट झाले. साम्राज्याचा शेवट १९१८, लोकशाहीचा १९३४ आणि माणसांचा १९३८ असे तीन शेवट मी आता धरतो. त्यांतला पहिला सोसून शहर उभे राहिले, दुसऱ्यानंतरही गोडेल आणि फ्रॉइड तिथेच होते. म्हणून माझ्या प्रश्नापुरते उत्तर १९३८.

ताळेबंद

मी १९१८ वरच आहे. लांडस्टाइनर साक्षीला आहे.

परदेशस्थ पेठकर

आणि मी ‘शेवट’ या कल्पनेवरच अडलो आहे. शहराच्या मालकीची दोन लाखांहून अधिक घरे आज आहेत, कार्ल-मार्क्स-होफमध्ये लोक राहतात आणि लोकसंख्या नुकतीच पुन्हा वीस लाखांवर, म्हणजे १९१० च्या पातळीवर आली आहे.

जुनावैद्य

पुढच्या उन्हाळ्यात जाण्याचा बेत आहे. या चर्चेच्या अनुषंगाने दोन दिवसांत काय पाहावे?

परदेशस्थ पेठकर

वैद्यबुवा, वरच्या बेल्व्हेडेअरमध्ये क्लिम्ट आणि लिओपोल्ड संग्रहालयात शीले आहे, पण तिथे गर्दी असेल. सेसेशनच्या तळघरातली क्लिम्टची बेथोव्हेन चित्रपट्टी सकाळी लवकर पाहावी. वाग्नरची पोस्टाची बचत बँक रिंगस्ट्रासेलगतच आहे; दर्शनी भिंतीवरच्या ॲल्युमिनियमच्या खिळ्यांकडे लक्ष द्यावे. विद्यापीठाच्या तीन चित्रांची चौकशी करू नये, ती १९४५ मध्ये इमेनडॉर्फच्या गढीत जळाली. दुसऱ्या दिवशी यू-४ या मेट्रोने शेवटच्या हायलिगेनश्टाट स्थानकावर उतरावे. स्थानक वाग्नरच्या शहर-रेल्वेचे आहे आणि बाहेर पडताच समोर कार्ल-मार्क्स-होफ आहे, म्हणजे ताळेबंद यांचे आणि माझे भांडण तिथे एका रस्त्याच्या अंतरावर पाहता येईल. वसाहतीच्या जुन्या धुलाईघरात त्या काळावरचे छोटे प्रदर्शन आहे; ते ठरावीक दिवशीच उघडते, तेव्हा निघण्यापूर्वी वेळा तपासाव्यात.